मोठ्या डिझायनरला वक्ता म्हणून बोलावताना: पुण्यात पहिल्यांदा डिझाइन परिषद भरवणाऱ्यांसाठी

डिझाइन परिषद पहिल्यांदा भरवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो परिषदेचा लोगो, पोस्टर आणि कापडी पिशवी यांत. समितीत सगळेच डिझायनर असल्यावर दुसरं काय होणार! वक्त्यांच्या बाबतीत मात्र नाव मिळालं की काम झालं, असं समजून मंडळी मोकळी होतात. नाव जितकं मोठं, तितकं त्या माणसाला साध्या गोष्टी विचारायला आपण बिचकतो. स्लाइड कोणत्या मापाच्या, फाइल कधी मिळेल, किती मिनिटं बोलणार, मराठीत की इंग्रजीत? मग हेच प्रश्न परिषदेच्या सकाळी भरल्या सभागृहासमोर उभे राहतात. तीस-चाळीस वर्षं काम केलेल्या डिझायनरला असे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. क्लायंटकडून नीट ब्रीफ, म्हणजे नेमकं काय हवंय याची माहिती, काढून घेण्यातच त्यांची हयात गेलेली असते. वैताग येतो तो ब्रीफ न देणाऱ्या आयोजकाचा.

पुढचं सगळं दोनशे ते तीनशे प्रेक्षकांच्या, एका दिवसाच्या परिषदेचा हिशेब धरून लिहिलं आहे.

तारीख धरताना

गणपतीचे दहा दिवस आणि आषाढीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस सोडून द्या. त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि पाहुण्यांना स्टेशनवरून पेठेत आणणं म्हणजे शिक्षाच. डिसेंबरच्या मध्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो. ज्या मुरलेल्या कलाकार मंडळींना तुम्ही बोलावू पाहता, त्यातली निम्मी तिथे बसलेली असतात. डिझाइन कॉलेजांच्या परीक्षा आणि ज्यूरी (परीक्षकांसमोर काम मांडण्याचे दिवस) कधी आहेत हे विद्यार्थ्यांनाच विचारा. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बहुतेकांना सोयीचा पडतो.

जागेचे पर्याय ढोबळमानाने दोन. एक, नाट्यगृह. बालगंधर्व काय किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण काय, रंगमंच उत्तम, पण नाट्यगृहं सत्रांवर मिळतात. दिवसभराच्या परिषदेला लागोपाठची सत्रं लागतात आणि शनिवार-रविवारी तिथे नाटकांची गर्दी असते. शिवाय पडदा, प्रोजेक्टर, कन्सोल (आवाज आणि चित्र सांभाळायचं टेबल) असं सगळं भाड्याने आणावं लागतं. दुसरा पर्याय म्हणजे डिझाइन कॉलेजचं सभागृह. टायपोग्राफी डे ही अक्षररचनेची परिषद आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने २००८ पासून सुरू केली. २०१४ साली ती पुण्यात विमाननगरच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये झाली. कॉलेजात प्रेक्षक घरचेच असतात, कार्यशाळेला वर्ग मिळतात, भाडं कमी पडतं. मात्र तिथला प्रोजेक्टर जुना असू शकतो. सभागृह पाहायला जाल तेव्हा तो दुपारी बारा वाजता लावून बघा. खिडक्यांचे पडदे पूर्ण काळोख करतात का, हेही तेव्हाच कळेल. बारा-चौदा फुटी पडद्याला अंधारात पाच-सहा हजार ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. उजेड आत येत असेल तर तेवढ्यात भागत नाही.

कोणाला बोलवायचं आणि कोणत्या रूपात

उत्तम डिझायनर उत्तम बोलतोच असं नाही. नाव नक्की करण्याआधी त्या व्यक्तीचं एखादं जुनं भाषण यूट्यूबवर शोधा आणि मधली दहा मिनिटं ऐका. सुरुवातीची नको, सुरुवात सगळ्यांचीच पाठ असते. मधली दहा मिनिटं ऐकताना आपलं लक्ष उडालं, तर तीनशे जणांचंही उडणार.

म्हणून त्या व्यक्तीला वगळायचं, असा अर्थ घेऊ नका. बोलण्याचं रूप बदला. मराठी प्रेक्षकाला प्रकट मुलाखत ऐकायची जुनी सवय आहे, आणि कमी बोलणाऱ्या बुजुर्गाला तीच सगळ्यात मानवते. भाषणात जो माणूस 'हे माझं १९८५ चं काम' एवढंच म्हणून पुढच्या स्लाइडवर जातो, तोच माणूस 'या अक्षराची वेलांटी इतकी लांब का ओढलीत?' असं विचारल्यावर पाच मिनिटं खुलून बोलतो. यासाठी तीन गोष्टी पाळा. मुलाखतकार डिझाइनमधला असावा, नुसता निवेदक चालणार नाही. दाखवायच्या चित्रांचा क्रम आधी ठरलेला असावा आणि पडदा मुलाखतकाराच्या हातात असावा, पाहुण्यांच्या नव्हे. आणि चाळीस मिनिटांसाठी पंधरापेक्षा जास्त चित्रं नकोत. पाहुण्यांची पाठ पडद्याकडे असते, त्यामुळे त्यांच्यासमोर जमिनीवर एक छोटा मॉनिटर ठेवा, नाहीतर दर चित्राला ते मान वळवतात आणि कॉलर माइक खांद्याकडे जातो.

विषयांची सरमिसळ हवी. सगळेच ब्रँडिंगवाले बोलवाल तर दुपारपर्यंत लोक कंटाळतील. एक अक्षररचनाकार, एक पॅकेजिंगवाला, एक पुस्तकांची मुखपृष्ठं करणारा, एक शहरातल्या दिशादर्शक पाट्या करणारा अशी पंगत बसली की दिवस उभा राहतो. महाराष्ट्रात यासाठी मोठी परंपरा आहे: विंडोजमधला मंगल फाँट घडवणारे र. कृ. जोशी, नाटकांची शीर्षकं आणि मासिकांची नावं अक्षरांतून जिवंत करणारे कमल शेडगे. दोघेही आज नाहीत. पण त्यांच्या हाताखाली किंवा शेजारी काम केलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे कागदपत्रं आहेत. अशा कोणाला बोलावलंत तर मूळ कागद स्कॅन करायला एक महिना धरा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ट्रेसिंग पेपरची सुरकुती दिसते, अक्षराची कड दिसत नाही.

सुलेखनकार प्रत्यक्ष लिहून दाखवणार असतील तर ते सत्र वेगळंच समजा. चार फूट बाय तीन फुटांचं न हलणारं टेबल, त्यावर बरोबर वरून खाली बघणारा कॅमेरा, दोन बाजूंनी दोन दिवे. हात उजवा असेल तर मुख्य दिवा डावीकडे, म्हणजे हाताची सावली ओल्या अक्षरावर पडत नाही. दिवा अगदी वर कॅमेऱ्याशेजारी लावला तर ओली शाई चमकते आणि पडद्यावर काळ्याऐवजी पांढरा पट्टा दिसतो. टेबलाखाली प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर अंथरा. नुसत्या प्लास्टिकवर पाय घसरतो. पाण्याच्या दोन बादल्या, जुने कपडे आणि लिहून झालेले कागद वाळवायला विंगेत जागा. कागद आणि शाई कोणती, हे त्यांनाच विचारा आणि शक्यतो त्यांनाच आणू द्या, बिल तुम्ही भरा. 'आम्ही आणलाय ना कागद' म्हणून पुढे केलेला कागद शाई पितो आणि बोरू त्यावर अडतो.

निमंत्रण

तीन-चार महिने आधी पत्र गेलं पाहिजे. आधी फोन, मग लगेच ईमेल. फक्त व्हॉट्सॲपवर विचारलेल्या गोष्टीला होकार मिळतो तोही व्हॉट्सॲपसारखाच. पत्र एका पानात बसवा. स्तुती दोन ओळी पुरे. बाकी पानात काय असावं याचा नमुना:

'सप्रेम नमस्कार. २१ फेब्रुवारी रोजी पुण्यात होणाऱ्या परिषदेत आपण दुकानांच्या पाट्यांवरील देवनागरी या विषयावर ३० मिनिटं बोलावं आणि त्यानंतर ८ मिनिटं प्रश्न घ्यावेत, अशी विनंती आहे. प्रेक्षक साधारण २५०, निम्मे विद्यार्थी, निम्मे काम करणारे डिझायनर. भाषण मराठीत, स्लाइडवर इंग्रजी असल्यास हरकत नाही. मानधन अमुक रुपये, टीडीएस कापून कार्यक्रमानंतर १५ दिवसांत बँकेत जमा होईल. प्रवास आणि दोन रात्रींचा मुक्काम आमच्याकडे. ५ नोव्हेंबरपर्यंत होकार किंवा नकार कळवावा, म्हणजे आम्हाला पुढे जाता येईल.'

शेवटचं वाक्य गाळू नका. नकार द्यायला वाट करून दिली नाही, तर भिडेखातर आलेला 'बघू या' महिनाभर लोंबकळत राहतो.

मानधनाचा आकडा पहिल्याच पत्रात लिहा. द्यायला काही नसेल तर तेही लिहा. 'मानधन देता येणार नाही, प्रवासखर्च आम्ही करू' या वाक्याने कोणाचा अपमान होत नाही. 'आपल्याला योग्य ते मानधन देऊ' या वाक्याने मात्र पुढे दोन्ही बाजूंना लाज येते.

पैसे ट्रस्ट, कंपनी किंवा कॉलेजच्या खात्यातून जाणार असतील तर व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. त्यासाठीची वार्षिक मर्यादा पूर्वी ३०,००० रुपये होती, ती १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. पॅन नसेल तर कपात २० टक्के, म्हणून पॅन होकारासोबतच मागून घ्या. वक्त्याची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर १८ टक्के वाढतात: ४०,००० चं मानधन ४७,२०० होतं. अंदाजपत्रकात हा फरक धरलेला नसतो आणि मग खजिनदार वक्त्यालाच 'जीएसटी सोडता येईल का' विचारतो. तो सोडता येत नाही. तुमच्या संस्थेला काय लागू पडतं ते हिशेबनिसाकडून एकदा तपासून घ्या.

मुंबईहून येणाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच आणा. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाड्या अडकल्या की दहाचं सत्र गेलंच. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईहून सुटणारी डेक्कन क्वीन साडेआठच्या सुमारास पुण्यात येते; ज्येष्ठांना गाडीपेक्षा तीच बरी वाटते. हॉटेल सभागृहाच्या जवळचं घ्या, चांगलं पण लांबचं नको. परिषद लोणी काळभोरला आणि मुक्काम बाणेरला असं केलंत तर वक्ता सोलापूर रस्त्यावरच थकतो.

ब्रीफचा फोन

परिषदेच्या महिनाभर आधी प्रत्येक वक्त्याशी वीस मिनिटं बोला. समितीतल्या एकाच माणसाने सगळ्यांशी बोलावं, म्हणजे दोन वक्ते तेच उदाहरण घेऊन येत असतील तर ते लक्षात येतं. या फोनवर सगळ्यात उपयोगी विनंती एकच: 'सर, वीस कामं दाखवण्यापेक्षा तीनच दाखवा, पण नाकारलेली स्केचेसही आणा.' झालेलं काम लोकांनी वेबसाइटवर पाहिलेलं असतं. क्लायंटने परत पाठवलेले चार लोगो आणि पाचवा का मंजूर झाला, हे कुठेही पाहायला मिळत नाही. तीस मिनिटांत तीन कामं म्हणजे एकेकाला दहा मिनिटं. चौथं काम आलं की घाई सुरू.

त्याच फोनवर विचारा: यातलं कोणतं काम दाखवायला क्लायंटची परवानगी लागेल? भाषणाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? काही स्लाइड चित्रीकरणातून वगळायच्या आहेत का? उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. बाजारात अजून न आलेलं वेष्टन परिषदेत दाखवलं जातं, प्रेक्षकांतून कोणीतरी त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकतो आणि निस्तरावं लागतं वक्त्याला.

पडद्याचं गणित

परिषदा सर्वाधिक इथेच घसरतात, आणि डिझाइनच्या परिषदेत घसरल्या तर ते जास्तच दिसतं.

मंडपवाले आणि इव्हेंटवाले हल्ली प्रोजेक्टरऐवजी एलईडी वॉल सुचवतात. ती उजेडातही झगझगीत दिसते, म्हणून समिती खूश होते. विचारायचा प्रश्न असा: पिच किती? पिच म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. वॉल कॅबिनेट नावाचे तुकडे जोडून उभी करतात. ३.९ ची वॉल असेल तर ५०० मिलिमीटरच्या एका चौकोनी कॅबिनेटमध्ये आडवे १२८ ठिपके बसतात. चार मीटर रुंद वॉलला अशी आठ कॅबिनेट, म्हणजे १०२४ ठिपके. अडीच मीटर उंचीला पाच, म्हणजे ६४०. वक्त्याची स्लाइड १९२० बाय १०८० ची असते. ती या वॉलवर जवळजवळ निम्म्यावर येते. स्लाइडवरची दोन पिक्सेलची बारीक रेघ एका ठिपक्याची होते, एका पिक्सेलची रेघ मधूनमधून गायब होते, आणि कागदावर नाजूक दिसणारी शिरोरेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. पाहुणे टाइप डिझायनर असतील तर त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं असं होताना बघणं क्लेशकारक असतं. २.६ पिचच्या वॉलला कॅबिनेटमागे १९२ ठिपके असतात. तीच चार मीटरची वॉल १५३६ ठिपक्यांची होते. भाडं वाढतं, पण अक्षर वाचतं. तेवढे पैसे नसतील तर अंधारं सभागृह आणि बरा फुल एचडी प्रोजेक्टर घ्या, स्वस्तातली वॉल नको.

दुसरी अडचण आकाराची. चार बाय अडीच मीटर हे प्रमाण १६:१० आहे, चार बाय दोन घेतलंत तर २:१. स्लाइड १६:९ ची. वॉलवाला 'फुल स्क्रीन करतो' म्हणतो तेव्हा तो चित्र ताणतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. त्याला आधीच सांगा: ताणायचं नाही, कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

तिसरी, उजेड. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी लावतात तेवढ्या तेजावर वॉल बंद सभागृहात लावली तर पांढऱ्या स्लाइडला पुढच्या रांगा डोळे मिटतात. ऑपरेटरला तेज तीस-चाळीस टक्क्यांवर आणायला सांगा आणि शेवटच्या रांगेत बसून बघा. प्रोजेक्टरवर नेमकं उलट होतं: फिकट राखाडी रंग नाहीसे होतात, आणि बऱ्याच सिंगल चिप डीएलपी प्रोजेक्टरांवर गडद लाल आणि केशरी मळकट दिसतात. वक्त्यांना चित्रं एसआरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत द्यायला सांगा. छपाईसाठी केलेली सीएमवायके फाइल तशीच स्लाइडमध्ये चिकटवली तर तिचे रंग कसे दिसतील याचा भरवसा नसतो.

अक्षराचं माप असं काढा. चार मीटर रुंद पडद्यावर १९२० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण दोन मिलिमीटरचा. ४८ पिक्सेलचं अक्षर मात्रा-उकारांसकट दहा सेंटिमीटरचं झालं. शेवटची रांग वीस मीटरवर असेल तर याहून लहान मजकूर नको. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, अक्षराच्या दीडपट धरा. हे सगळं एका पानावर लिहून वक्त्यांना पाठवा: पडद्याचं माप, ठिपके, प्रमाण, किमान अक्षर. मोठ्या डिझायनरला हे पान मिळालं की पहिल्यांदाच कोणीतरी काम समजून करतंय असं वाटतं.

फाँट

फाइल कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी मागा, तीन दिवस आधी मिळेल. दोन रूपांत मागा: मूळ फाइल आणि पीडीएफ. पीडीएफमध्ये फाँट आतच बसलेले असतात, म्हणून कुठल्याही यंत्रावर अक्षर तेच दिसतं. ॲनिमेशन आणि व्हिडिओ मात्र त्यात राहत नाहीत. व्हिडिओ एमपी४ मध्ये वेगळे घ्या.

मॅकवरच्या कीनोटमधून पॉवरपॉइंटच्या रूपात काढलेली फाइल सभागृहाच्या विंडोज लॅपटॉपवर उघडली की देवनागरी फाँट सापडत नाही आणि त्याजागी विंडोजचा मंगल किंवा निर्मला येतो. ओळी वाढतात, मजकूर चौकटीबाहेर जातो. जुनं काम असेल तर याहून वाईट. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम या जुन्या सॉफ्टवेअरांवर महाराष्ट्रातली किती पुस्तकं, पत्रकं, लग्नपत्रिका जुळवल्या गेल्या असतील! पण त्यांचे जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामायिक अक्षरसंकेताचे, नव्हेत. फाँट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा होऊन दिसतो. असा मजकूर वक्त्याने स्वतःच्या यंत्रावरच कर्व्हमध्ये (नुसत्या बाह्यरेषांत) बदलून किंवा चित्र करून आणावा. दुसऱ्या कोणी 'युनिकोड करून देतो' म्हटलं तर नको म्हणा, कारण त्या मांडणीतलं अक्षर हेच तर दाखवायचं असतं.

परिषदेच्या स्वतःच्या स्लाइड, म्हणजे वक्त्याचं नाव, विषय, वेळापत्रक, तुम्हीच करणार. 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या गटाच्या मुक्ता किंवा बलूसारखे खुल्या परवान्याचे फाँट घ्या. ते सगळ्या लॅपटॉपवर टाकता येतात. मुक्ताची बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत, एकाच कुटुंबात काम भागतं. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये करत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग, चालू आहे का ते बघा. ती बंद असली की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हे तपासायला एक ओळ टाइप करा: 'वाऱ्याने शाल उडाली, द्वारकेची स्त्री हसली, कृत्रिम लक्ष्मी रुसली.' 'वाऱ्याने'मध्ये य वर रफार आला तर फाँट किंवा यंत्रणा मराठी ऱ्या ओळखत नाही. 'शाल'मधला श देठाचा आणि ल पाकळीचा आहे का पाहा. मराठीसाठी राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातली रूपं तीच आहेत. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषा मराठी निवडली तरच आपलं रूप येतं. पॉवरपॉइंटवर विसंबू नका, त्या स्लाइड चित्र करूनच टाका. अक्षररचनेच्या परिषदेत हिंदी वळणाचा ल पडद्यावर आला, तर चहाच्या वेळेत दुसरा विषय निघत नाही.

आदली संध्याकाळ

प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटं रंगमंचावर द्या. तांत्रिक तपासणी शब्दाला घाबरू नका. 'मॅडम, एकदा उभ्या राहून पहिली आणि शेवटची स्लाइड बघून घ्या' एवढंच म्हणायचं.

लॅपटॉप कुठे असणार हे आधी ठरवा. कन्सोल सभागृहाच्या मागे असेल तर एचडीएमआयची साधी तांब्याची केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते: चित्र मध्येच काळं होतं, परत येतं. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय किंवा एसडीआय लागते. आणि लॅपटॉप मागे गेला की रंगमंचावरून क्लिकर चालत नाही. वक्ता बटण दाबतो, काही होत नाही, पुन्हा दाबतो, मग एकदम तीन स्लाइड पुढे. सोपा उपाय म्हणजे लॅपटॉप पोडियमवरच ठेवायचा. क्लिकरच्या नव्या बॅटऱ्या सकाळी घाला, आदल्या रात्री नाही.

आवाज लॅपटॉपमधून हेडफोनच्या भोकातून घेतला आणि चार्जर लावलेला असला की स्पीकरमधून गुंईं असा आवाज येतो. ध्वनीवाल्याकडून डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि ध्वनियंत्रणा यांच्यामध्ये लावायचा डबा) मागा. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की तो आवाज जातो. नाहीच गेला तर व्हिडिओपुरता चार्जर काढा. झोपी जाण्याची सेटिंग, सूचना, व्हॉट्सॲप वेब सगळं बंद. मॅकच्या वक्त्यांसाठी यूएसबी-सी ते एचडीएमआयचे दोन ॲडॅप्टर टेबलावर चिकटपट्टीने बांधून ठेवा. बांधल्याशिवाय ते राहत नाहीत.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. रेशमी साडीचा पदर किंवा खादीचं जाकीट त्यावर घासलं तर खरखर ऐकू येते. कमरेला लावायच्या डब्यासाठी पट्टा किंवा खिसा लागतो, हे वक्त्यांना आधी कळवा. गळ्यात मोठा हार किंवा माळ असेल तर हेडसेट बरा.

कार्यक्रमाच्या दिवशी

प्रत्येक सत्र पंचेचाळीस मिनिटांचं धरा: दोन मिनिटं परिचय, तीस भाषण, आठ प्रश्न, पाच अदलाबदल. साडेनऊ ते साडेपाचमध्ये सहा वक्ते सुखाने बसतात, सात ओढूनताणून, आठ बसत नाहीत. यातली सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे उद्घाटन. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचे दोन शब्द, शाल-श्रीफळ यांत चाळीस मिनिटं जातात आणि ती पहिल्या वक्त्याच्या खात्यातून जातात. वीस मिनिटांची मर्यादा घाला. सत्कार करायचाच असेल तर प्रत्येकाचा त्याच्या सत्रानंतर, अर्ध्या मिनिटात.

परिचय शंभर शब्दांत लिहून वक्त्याकडून तपासून घ्या. पुरस्कारांची यादी नको. प्रेक्षकांनी रोज पाहिलेलं एखादं काम सांगा. नावाचा उच्चार वक्त्याच्याच तोंडून ऐकून घ्या.

वक्त्याच्या समोर, पहिल्या रांगेच्या मधोमध एक स्वयंसेवक तीन पाट्या घेऊन बसवा: १०, ५, १. जाड अक्षर, पिवळ्यावर काळं. शून्यानंतरही बोलणं चालू राहिलं तर निवेदकाने रंगमंचाच्या कडेला येऊन नुसतं उभं राहावं. हे पुरतं. चिठ्ठी पाठवली की वक्ता ती माइकवर वाचून दाखवतो.

प्रश्नांच्या वेळी माइक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, विचारणाऱ्याच्या हाती देऊ नका. 'प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे' असं म्हणत उठणारे गृहस्थ पुण्यात प्रत्येक सभागृहाला एक या हिशेबाने येतातच. निवेदकाने आधीच जाहीर करावं: प्रश्न एका वाक्यात. विद्यार्थी बुजतात, त्यांच्यासाठी चहाच्या वेळेला कागद फिरवून लेखी प्रश्न गोळा करा आणि त्यातला पहिला प्रश्न निवेदकाने स्वतः विचारावा. दुपारी जेवणानंतरचं सत्र मुलाखतीला किंवा सुलेखनाच्या प्रात्यक्षिकाला द्या, अंधारात चाळीस मिनिटं स्लाइड दाखवणाऱ्याला नको.

दिवे मालवल्यावर

मानधन ठरलेल्या तारखेला जमा करा, टीडीएसचं प्रमाणपत्र नंतर पाठवायचं विसरू नका. चित्रीकरण चढवण्याआधी वक्त्याला दाखवा. पण सगळ्यात आधी, सभागृह सोडण्यापूर्वी एक काम करा: कन्सोलच्या लॅपटॉपवर आणि वॉलवाल्याच्या पेनड्राइव्हवर उतरवलेल्या सगळ्या वक्त्यांच्या फाइल पुसून टाका, रिसायकल बिनसकट. त्यात अजून प्रसिद्ध न झालेली कामं आहेत, आणि तो लॅपटॉप उद्या दुसऱ्या कार्यक्रमाला भाड्याने जाणार आहे.